कपाटाची किल्ली मुलांच्या हाती

दरवर्षी १ नोव्हेंबर जवळ आला, की सीमाभागात मराठीविषयी बोलणे वाढते. सभा होतात, फेरी निघते, ठराव मंजूर होतात. १९५६ साली राज्य पुनर्रचनेत आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून तीन पिढ्यांनी ही वेदना जपली आहे आणि ती खोटी नाही. परंतु या सगळ्या बोलण्यात एक साधा प्रश्न क्वचितच निघतो. आपल्या गावच्या मराठी शाळेतील पाचवीच्या मुलाने गेल्या महिन्यात पाठ्यपुस्तकाबाहेरचे एखादे मराठी पुस्तक उघडले होते काय?

हा प्रश्न आम्ही काही वर्षांपूर्वी प्रथम स्वतःलाच विचारला. आमची शाळा बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील एका खेड्यात, पहिली ते सातवीची. उत्तर शोधायला दूर जावे लागले नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत, खुर्चीच्या मागे, हिरव्या रंगाचे लोखंडी कपाट होते. त्यात पुस्तके होती. कपाटाला कुलूप होते. किल्ली टेबलाच्या खणात होती आणि खणालाही कुलूप होते. तपासणीच्या दिवशी कपाट उघडायचे, नोंदवहीप्रमाणे पुस्तके मोजायची आणि पुन्हा बंद करायचे. मोजणी नेहमी बरोबर भरे. एकही पुस्तक हरवलेले नव्हते, कारण एकही पुस्तक कुणी वाचले नव्हते.

कुलूप कशासाठी?

यात आळस होता असे म्हणून भागणार नाही. खरे कारण भीती हे होते. पुस्तक हरवले तर ते शिक्षकाच्या खिशातून भरून द्यावे लागेल, ही भीती आमच्या पिढीतील प्रत्येक शिक्षकाच्या मनात घर करून आहे. मुले पाने फाडतील, शाईचे डाग पाडतील, त्यापेक्षा कपाट बंद बरे. मात्र जी पुस्तके आम्ही मुलांपासून वाचवली, ती वाळवीपासून वाचली नाहीत. आपल्याकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते. आम्ही कपाट रिकामे केले तेव्हा खालच्या कप्प्यातील कितीतरी पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. मुलांच्या हातांनी एवढे नुकसान कधीच केले नसते.

ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिलाच असा, की पुस्तके वापरण्यासाठी असतात. आम्ही तो प्रशिक्षणात पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता आणि नोकरीत विसरलो होतो. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदाही हेच सांगतो. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांची व गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. गोष्टींची पुस्तके हा शब्द कायद्यातलाच आहे, आम्ही पदरचा घातलेला नाही.

दोरीवरची पुस्तके

शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत आम्ही विषय मांडला. हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी एकट्या शिक्षकावर न टाकता समितीने वाटून घ्यावी, एवढीच मागणी होती. थोडी कुरकुर झाली, पण ठराव झाला. त्यानंतरच आम्हाला कुलूप काढण्याचे धैर्य आले.

वेगळी खोली नव्हती. म्हणून व्हरांड्याच्या दोन खांबांना सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालावेत तशी पातळ पुस्तके मधोमध उघडून तिच्यावर अडकवली. लहान मुले पुस्तक कण्यावरच्या नावाने निवडत नाहीत, चित्र बघून निवडतात. कपाटात उभी ठेवलेली पुस्तके त्यांना दिसतच नाहीत. दोरीवर टांगल्याबरोबर पहिली-दुसरीची मुले आपणहून येऊ लागली. दुपारचे जेवण झाले, की हात धुऊन पुस्तक घ्यायचे एवढा एकच नियम केला.

जाड पुस्तकांवर रंगीत कागदाच्या पट्ट्या लावल्या. चित्रे जास्त आणि ओळी कमी त्यांना पिवळी, सोप्या गोष्टींना हिरवी, मोठ्या गोष्टींना निळी. पट्टी इयत्तेची नव्हे, पुस्तकाची. सातवीतल्या मुलाने पिवळी पट्टी उचलली तरी त्याला कुणी हसायचे नाही, हे मुलांना वारंवार सांगावे लागले. नोंदवही सहावीच्या मुलांकडे दिली. त्यांच्या अक्षरातली ती वही आमच्या जुन्या नोंदवहीपेक्षा खरी आहे. तिच्यात 'पान १२ आधीच फाटलेले होते, मी फाडले नाही' अशाही नोंदी सापडतात. फाटलेली पाने मुले मैद्याची खळ करून चिकटवतात, आणि पावसाळ्यात कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवण्याचे काम चौथीचा वर्ग करतो.

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास मोठ्याने वाचनाचा. त्या तासाला प्रश्नोत्तरे नाहीत, तात्पर्य नाही, शब्दार्थ नाहीत. शिक्षकाने गोष्ट वाचायची आणि मुलांनी ऐकायची. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' लहानांनी पुन्हा पुन्हा वाचायला लावले. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने मोठ्या मुलांना खिळवून ठेवले. पण आम्हाला सर्वांत मोठा धडा दिला तो प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास'ने. १९९४ साली आलेले हे पुस्तक सीमेवरच्या गावात वाढणाऱ्या लंपन नावाच्या मुलाचे. त्यातली एक कथा सातवीला वाचून दाखवत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, ह्यो पोरगा आमच्यागत बोलतोय की!" सगळा वर्ग हसला. आम्ही मात्र विचारात पडलो. आपली बोली अशुद्ध, आपली मराठी कन्नडमिश्रित, म्हणून कमअस्सल, असे ही मुले मनात धरून बसली होती. त्यांच्यासारखे बोलणारा मुलगा छापील पुस्तकात भेटू शकतो, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले.

बक्षिसाने बिघडले

सारेच उपक्रम साधले असे नाही. पहिल्या वर्षी आम्ही जाहीर केले, की जो सर्वाधिक पुस्तके वाचेल त्याला २६ जानेवारीला बक्षीस. नोंदवही भराभर भरू लागली आणि आम्ही खूष झालो. पुढे लक्षात आले, की मुले सकाळी पुस्तक नेऊन दुपारी परत करत होती. पातळ पुस्तकांवर भांडणे होत होती आणि निळ्या पट्टीला कुणी हात लावत नव्हते. गोष्ट विचारली तर सांगता येत नव्हती. चूक मुलांची नव्हती. वाचनाची शर्यत आम्ही लावली होती, ती धावली. दुसऱ्या वर्षी बक्षीस बंद केले. काही दिवस नोंदी घटल्या. मग हळूहळू एकाच पुस्तकासमोर तेच नाव तीन-तीनदा दिसू लागले. आवडलेले पुस्तक मूल पुन्हा नेते, वाचनाची याहून चांगली खूण आम्हाला माहीत नाही.

पुस्तक घरी गेले

पुढची पायरी म्हणजे शुक्रवारी प्रत्येकाने एक पुस्तक घरी न्यायचे आणि घरातल्या कुणालातरी वाचून दाखवायचे. आई-वडील शेतात किंवा उद्यमबागच्या कारखान्यात असतात, दमून येतात. म्हणून बहुतेक घरांत ऐकणारी आजीच निघाली.

पाचवीत एक मुलगा होता. अक्षरे जुळवीत वाचायचा, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायचा. वडिलांनी त्याला पुढच्या वर्षी बसने शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायचे ठरवले होते. त्याने घरी लोककथांचे पुस्तक नेले. सोमवारी सकाळी त्याच्या आधी त्याची आजी शाळेच्या दारात हजर! आम्हाला वाटले, काही तक्रार आहे. तक्रार होतीच, पण पुस्तकाविषयी. "गुरुजी, ती गोष्ट तशी न्हाई. माझी आई येगळी सांगायची." अंगठा उठवणारी ती बाई छापील पुस्तकातली चूक दाखवायला आली होती. आम्ही तिला वर्गात बसवले. तिने तिची गोष्ट सांगितली, मुलांनी ती लिहून घेतली.

त्यातून गावच्या गोष्टींचे हस्तलिखित सुरू झाले. कुणाच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कुणाच्या आजोबांनी सांगितलेली जंगलातल्या गव्याची हकिगत, सुगीतल्या म्हणी. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद पुठ्ठ्यासाठी कामी आले. आज ही हस्तलिखिते आमच्या दोरीवर छापील पुस्तकांच्या बरोबरीने टांगलेली असतात आणि नोंदवहीत त्यांची मागणी कमी नाही. तो मुलगा आता बऱ्यापैकी वाचतो. सातवीपर्यंत आमच्याकडेच राहिला, आणि त्याच्या धाकट्या बहिणीचे नावही वडिलांनी आमच्याच शाळेत घातले. मात्र त्याच काळात तीन घरांनी आपली मुले काढून नेलीच, हेही सांगितले पाहिजे. वाचनालयाने शाळा वाचते, असा दावा आम्ही करणार नाही. ज्या शाळेत वाचायला काही नाही, ती वाचवा असे पालकांना कोणत्या तोंडाने सांगावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

दोन दोऱ्या

आमच्या व्हरांड्यात आता दोन दोऱ्या आहेत. दुसरीवर कन्नड पुस्तके असतात. यावर गावातल्या काही मंडळींनी आम्हाला टोकले. आमचे उत्तर सरळ आहे. आपल्या मुलांना कन्नड शिकायचेच आहे. २०१५ च्या कायद्याने ती भाषा सर्व शाळांत आहे, आणि कायदा नसता तरी बाजारात, बसमध्ये, कचेरीत ती लागतेच. ती भीतीने शिकण्यापेक्षा गोष्टींतून शिकलेली बरी. ज्ञानपीठ मिळवणारे कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. मराठी कथेला वेगळे वळण देणारे जी. ए. कुलकर्णी बेळगावात शिकले आणि धारवाडला प्राध्यापक होते. दुसरी भाषा आल्याने या थोरांची पहिली भाषा आटली नाही. भाषा आटते ती वाचायला न मिळाल्याने.

आणि नेमके तेच घडते आहे. आपल्या मुलांची पाठ्यपुस्तके मराठी असली तरी ती कर्नाटकात छापली जातात. महाराष्ट्रातल्या मुलांना सहज मिळणारी अवांतर पुस्तके आणि मासिके इथल्या खेड्यात आपोआप येत नाहीत. शाळांना येणाऱ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत मराठी पुस्तके कधी कधी मोजकीच निघतात. राज्यघटनेच्या कलम ३५० अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करायचा आहे. पुरेशा सोयींत पुस्तके येतात, असे आम्ही मानतो आणि तसे अर्ज वेळोवेळी करतो. पण अर्जाचे उत्तर येईपर्यंत पहिलीतले मूल सातवीत जाते.

गावाने काय करावे?

म्हणून थोडे आपल्या हातातले.

एक, गावच्या शाळेत जा आणि कपाट उघडायला सांगा. शिक्षकाला दरडावू नका. पुस्तक फाटले तर आम्ही पाठीशी आहोत, असे समितीत लेखी ठरवा. निम्मी कुलपे तेवढ्यानेच निघतील.

दोन, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात चौकशी करा. २०२० पासून 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा उजेड, या मोहिमेत तेथे मुलांना मोफत सभासद करून घेण्यात आले. आपली मुले सभासद करा आणि त्यांच्यासाठी मराठी पुस्तकांची यादी लेखी द्या. मागणीच नसेल तर पुस्तके कुणी आणावीत?

तीन, मुलाच्या वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याऐवजी एक पुस्तक शाळेला द्या. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांत साहित्य संमेलने भरतात, ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांची दुकाने लागतात. दिंडीतल्या पालखीला हात लावलाच आहे, तर परतताना एक बालपुस्तक विकत घ्या.

चार, १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवले आहेत. घरात मोबाईल आहेच. संध्याकाळी त्यावर एक अंक उघडून मुलाजवळ बसा.

पाच, आणि सर्वांत स्वस्त. मूल पुस्तक घेऊन आले, तर दहा मिनिटे दूरदर्शन संच बंद करून ऐका. चुका काढू नका.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या गावांतही पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. पण हा मान मोठा होण्यासाठी ती भाषा वाचणारे मूल लागते, आणि ते दिल्लीहून किंवा मुंबईहून येणार नाही.

परवा किल्लीच सापडेना. शोधाशोध झाली, तेव्हा सहावीच्या नोंदवहीवाल्या मुलीने शांतपणे सांगितले, "गुरुजी, ती किल्ली कवाच हरवली. कपाटाला कुलूपच लावत न्हाई आम्ही."

नोंदवहीप्रमाणे आम्ही पुस्तके मोजली. दोन कमी भरली. दोन्ही कुणाच्या घरी आहेत, हे मुलांना ठाऊक होते.