अंडी वाचली, पिल्लांचे काय?

नेदरलँड्सच्या कुरणांत वसंत ऋतूत जागोजाग काठ्या रोवलेल्या दिसतात. त्यांच्यामधल्या गवतात काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याचे घरटे असते, बहुधा चार अंड्यांचे. शेतकरी तेवढा तुकडा सोडून गवत कापतो. (आपल्याकडे भिगवणला हिवाळ्यात दिसणारे पाणटिवळे याच जातीचे, पण ते आशियाच्या उत्तरेकडून येतात, डच पक्षी आफ्रिकेकडे जातात.) २०१५ मध्ये या पक्ष्याला तिथे राष्ट्रीय पक्षी म्हणून कौल मिळाला, हजारो स्वयंसेवक घरटी शोधत फिरतात. तरीही १९६०च्या दशकातल्या सव्वा लाखाच्या आसपास जोड्यांवरून आकडा तीस हजारांच्या घरात आला. माया कमी पडली असे नाही. ती चुकीच्या जागी खर्च झाली.

कारण घरटे हा या पक्ष्याच्या संसाराचा सोपा भाग. अंड्यातून निघालेले पिल्लू लगेच चालू लागते आणि त्याला कोणी भरवत नाही. उडता येईपर्यंतचे सुमारे चार आठवडे गवताच्या पात्यांवरचे किडे त्याने स्वतःच टिपायचे असतात. खतावर पोसलेल्या एकजिनसी दाट गवतात किडे थोडे आणि वाट काढणेही कठीण. गवत कापले, तर लपायला आडोसा उरत नाही. मोठ्या पक्ष्यांची अडचण वेगळी: लांब चोच मऊ, ओल्या मातीत खुपसून गांडुळे काढायची, तर माती कोरडी आणि टणक. या साऱ्याच्या मुळाशी पाणी आहे. चरांतल्या पाण्याची पातळी खाली ठेवली की जमीन लवकर तापते, ट्रॅक्टर रुतत नाही आणि पहिली कापणी पिल्लांच्या ऐन दिवसांत येते. पक्षी राखण्यासाठी शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाच्या योजनांनी पक्षी वाढत नाहीत, हे संशोधक डेव्हिड क्लाइन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्येच ‘नेचर’मध्ये दाखवले होते.

यावर कोणी म्हणेल, खरे शत्रू कोल्हे आणि शिकारी पक्षी. पिल्ले ते खातात हे खरेच, पण उघड्या रानात त्यांचे काम आपणच सोपे करून ठेवले आहे. कुंपणे घालून थोडी जागा राखता येते, अख्खा प्रदेश नाही. शेतकऱ्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे: उशिरा कापलेल्या जून गवतावर भरपूर दूध देणारी गाय पोसत नाही. म्हणून तोटा भरून द्यायलाच हवा, आणि तो केवळ पक्ष्यांच्या नावे नव्हे. पाणी उपसून कोरडी केलेली पीट माती, म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतींची माती, कुजते, खचते आणि कार्बन सोडते. पाणी वर आणले तर हे नुकसानही मंदावते. पण एकट्या शेतकऱ्याला हे जमणारे नाही. चर एकमेकांना जोडलेले असतात, त्याने पातळी वाढवली की शेजाऱ्याचे शेत भिजते. माजी मंत्री पीटर विन्सेमियस यांच्या २०२० च्या आराखड्यात एकेक सलग पट्टा किमान हजार हेक्टरचा मागितला, तो याचसाठी. तिथे पातळी ठरवतात ती निवडून येणारी जलमंडळे. तेव्हा काठी रोवणाऱ्या स्वयंसेवकांनी यापुढे त्यांच्या बैठकांनाही जायला हवे.