पल्लामापक कॅमेरा

वस्तूचे अंतर ठरविणारी प्रकाशीय योजना भिंगाच्या हालचालीशी जोडलेली असलेल्या कॅमेऱ्यास पल्लामापक किंवा रेंजफाइंडर कॅमेरा म्हणतात. ३५ मिमी. फिल्मवरील या प्रकाराचा विकास मुख्यत्वे जर्मनीत झाला. लायका-२ व काँटॅक्स-१ हे कॅमेरे १९३२ मध्ये प्रचारात आले.

तत्त्व : कॅमेऱ्याच्या दोन गवाक्षांतून दिसणाऱ्या प्रतिमा अर्धपारदर्शक आरशाने एकत्र आणलेल्या असतात. भिंगाचे कडे फिरवून त्या एकमेकींवर जुळविल्या की केंद्रीकरण साधते. गवाक्षांमधील अंतरास ‘पाया’ म्हणतात. त्याला दृश्यदर्शकाच्या विवर्धनाने गुणल्यास परिणामी पाया मिळतो. जुळणीत १ मिनिट कोनाची चूक धरल्यास २ मी. अंतरावर ६० मिमी. परिणामी पायाने सु. २ सेंमी., तर २४ मिमी. पायाने सु. ५ सेंमी. चूक होते. एफ/२ रंध्रावरील ५० मिमी. भिंगाला दोन्ही चालतात, कारण विषयाच्या पुढेमागे सु. १० सेंमी. भाग पुरेसा रेखीव येतो. ९० मिमी. भिंगास ही मुभा सु. ३ सेंमी. इतकीच असल्याने लांब पाया आवश्यक ठरतो.

प्रमुख प्रकार : १९३३ च्या लायका-३ मध्ये अंतर जुळविण्याचे व दृश्य पाहण्याचे गवाक्ष वेगवेगळे होते. काँटॅक्स-२ (१९३६) मध्ये ते एकत्र आले; त्याचा पाया सु. ९० मिमी. असून झडप धातूची होती. लायका एम-३ (१९५४) चा परिणामी पाया सु. ६२ मिमी. आहे. रशियन झोर्की-४ मध्ये झडप ताणल्यानंतरच वेग बदलावा, अन्यथा यंत्रणा बिघडण्याचा संभव असतो. जपानी याशिका इलेक्ट्रो-३५ (१९६६) चे एफ/१·७ भिंग पक्के बसविलेले असून उद्भासनकाल विद्युत् यंत्रणा ठरविते. तिचा मूळचा पाऱ्याचा विद्युत् घट आता बनत नसल्याने पर्यायी घट वापरावा लागतो.

प्रत्यक्ष उपयोग : ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत या कॅमेऱ्यांच्या गुणदोषांची कसोटी लागते. कुडाच्या भिंतींच्या, लहान झरोक्यांच्या घरांत दिवसाही उजेड अंधुक असतो. तेथे तेजस्वी दृश्यदर्शक व एफ/२ किंवा त्याहून मोठे रंध्र उपयोगी पडते. उसळणारा आरसा नसल्याने १/१५ सेकंदाचे छायाचित्रही सावधपणे हातात धरून घेता येते आणि मंद आवाजामुळे घरातील माणसांचे काम खोळंबत नाही. माहुली किल्ला किंवा माळशेज घाट यांच्या दूरच्या दृश्यास मात्र लांब पायाचा विशेष लाभ नाही.

उघड्या डोंगरावर कापडी झडपेस सूर्यापासून धोका असतो. भिंगाने एकवटलेल्या किरणांनी पडद्यास बारीक भोक पडते व पुढील प्रत्येक चित्रावर डाग उमटतो. म्हणून चालताना भिंगावर टोपी असावी. मात्र दृश्यदर्शक भिंगातून पाहत नसल्याने टोपी राहिल्याचे कळत नाही व संपूर्ण फिल्म कोरी जाऊ शकते.

पावसाळ्यातील दमट हवेत भिंगावर व गवाक्षांवर बुरशी वाढते आणि जुळवावयाची प्रतिमा फिकी पडते. कातडी पेटी ओलावा धरून ठेवीत असल्याने कॅमेरा तीत न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवणे हितावह असते. वापरण्यापूर्वी भिंग अनंतावर ठेवून दूरच्या सुळक्याच्या दोन्ही प्रतिमा जुळतात की नाही, हे पाहावे.

मर्यादा व निवड : दृश्यदर्शक व भिंग वेगळ्या ठिकाणी असल्याने जवळच्या विषयात पराशयामुळे चौकट चुकते. बहुतेक भिंगे सु. ०·७ ते १ मी. पेक्षा जवळ केंद्रित होत नाहीत आणि १३५ मिमी. पलीकडील भिंगे गैरसोयीची ठरतात. वनस्पती, कीटक व पक्षी यांसाठी एकभिंगी परावर्ती कॅमेराच योग्य होय. माणसे व घरे यांच्या नोंदीसाठी मात्र पल्लामापक कॅमेरा सोयीचा असतो. जुना कॅमेरा घेताना नाममुद्रेपेक्षा स्वच्छ दृश्यदर्शक, अभंग पडदा, अचूक जुळणी व दुरुस्तीची सोय यांना अधिक महत्त्व द्यावे.