वैद्यकीय कोडांची भाषा, लेखांक ६ : एकोणसाठ कधी लावायचा?

मागच्या लेखांकात आपण सीपीटी कोडांची रचना पाहिली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेली ही यादी डॉक्टरांनी काय केलं ते सांगते. ते कोणत्या परिस्थितीत केलं, हे सांगायला कोडाच्या मागे दोन अंकांचा किंवा अक्षरांचा मॉडिफायर जोडतात. नागपुरात अमेरिकन क्लेमचं हे काम शिकायला येतात ती बी.फार्म., बीएचएमएस, बीएएमएस किंवा जीवशास्त्राची पदवी घेतलेली मुलंमुली. शरीररचना त्यांना नवी नसते, रोगांची नावं जड जात नाहीत. गाडी अडते ती मॉडिफायरपाशी. मला वाटतं, दोष विषयाच्या अवघडपणाचा नाही, तो उलट्या टोकाकडून शिकवण्याचा आहे. वहीत यादी उतरवली जाते : २५ म्हणजे वेगळी तपासणी, ५० म्हणजे दोन्ही बाजू, ५९ म्हणजे वेगळी प्रक्रिया. मग एक सोपा तोडगा डोक्यात बसतो, की दोन कोड एकमेकांत अडकले की ५९ लावून मोकळं व्हायचं. पण ‘घरात’ म्हणायचं की ‘घराला’, हे ‘घर’ या शब्दाकडे कितीही बघून ठरत नाही. ते वाक्य ठरवतं. विभक्तीचा तक्ता तोंडपाठ असला तरी वाक्य कळल्याशिवाय प्रत्यय लागत नाही. कोडरच्या कामात हे वाक्य म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेली नोंद.

अडकणाऱ्या जोड्यांची व्यवस्था आधी समजून घेऊ. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत १ जानेवारी १९९६ पासून एनसीसीआय नावाची चाळणी लागू आहे. जे दोन कोड सहसा एकत्र लावू नयेत, त्यांच्या जोड्या त्यात दिलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीपुढे एक आकडा असतो. ० असेल तर कोणताही मॉडिफायर लावून ती जोडी सुटत नाही. १ असेल तर सुटू शकते. नवशिक्याची चूक नेमकी या एकावर होते. ‘सुटू शकते’ हे तो ‘सोडवा’ असं वाचतो. एक म्हणजे परवानगी नव्हे. तो एक प्रश्न आहे : या रुग्णाच्या बाबतीत ही दोन कामं खरोखर वेगळी होती का? आणि ‘वेगळी’ कशाला म्हणायचं, हेही आपल्या अंदाजावर सोडलेलं नाही. दुर्बिणीतून खांद्याची रोटेटर कफ दुरुस्त केली, त्याचा कोड २९८२७. त्याच वेळी सांध्याचं अस्तर थोडं काढलं, त्याचा कोड २९८२०. शरीररचना शिकलेल्याला वाटतं, स्नायूबंध वेगळा आणि अस्तर वेगळं, तेव्हा ५९ लावू. मेडिकेअर मात्र एका बाजूचा अख्खा खांदा एकच रचना मानते. दोन्ही कामं एकाच खांद्यावर झाली असतील तर या जोडीला ५९ लागत नाही. एक उजव्या आणि दुसरं डाव्या खांद्यावर झालं असेल तर गोष्ट वेगळी. शरीरशास्त्राचं चांगलं ज्ञानच इथे वाट चुकवतं, म्हणून या जोडीवर थोडं थांबावंसं वाटलं.

५९ फार सैल आहे हे मेडिकेअरच्याही ध्यानात आलं होतं. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून त्याच्या जागी वापरता येतील असे चार नेमके मॉडिफायर आले : एक्सई, एक्सएस, एक्सपी आणि एक्सयू. वेगळी भेट, वेगळी शरीररचना, वेगळा डॉक्टर, आणि मुख्य कामात सहसा न मोडणारं वेगळं काम. मराठीत हे चार साधे प्रश्न होतात : कधी, कुठे, कोणी, काय. शिकण्याची खरी किल्ली मला इथे दिसते. कोडांचं पुस्तक मिटून ठेवावं, नोंद वाचावी आणि हे चार प्रश्न तिलाच विचारावेत. उत्तर नोंदीतल्या ओळीवर बोट ठेवून देता आलं तर मॉडिफायर आहे, नाही तर नाही. ५९ हा मुळात शेवटचा पर्याय आहे. बाजू सांगणारे आरटी आणि एलटी, हातापायाचं नेमकं बोट सांगणारे मॉडिफायर, यांतला एखादा परिस्थिती जास्त स्पष्ट करत असेल तर ५९ मागे राहतो.

२५ची गोष्ट याहून नाजूक आहे. छोटी प्रक्रिया आणि तपासणीची भेट एकाच दिवशी झाली, तर तपासणीच्या कोडाला २५ जोडतात. जोडतात तपासणीच्या कोडाला, प्रक्रियेच्या नव्हे. डोक्याला मार लागलेला नवा रुग्ण आला. डॉक्टरांनी जखम पाहिली, ॲलर्जी आणि लसी विचारल्या, संमती घेतली आणि टाके घातले. इथे तपासणीचे पैसे वेगळे मागता येत नाहीत, कारण टाके घालायचे हा निर्णय टाक्यांच्याच मोबदल्यात धरलेला आहे. रुग्ण नवा आहे एवढ्याने काही बदलत नाही. पण त्याच डॉक्टरांनी मेंदू आणि मज्जासंस्थेची गरजेची पूर्ण तपासणी केली आणि ती लिहिली, तर २५ योग्य ठरतो. त्यासाठी निदान वेगळंच असलं पाहिजे, ही समजूत चुकीची आहे. काम वेगळं असावं लागतं.

यावर पहिला आक्षेप व्यवहारातून येतो. डिनायल, म्हणजे क्लेमला नकार, आलं, मॉडिफायर लावून क्लेम पुन्हा पाठवला आणि पैसे मिळाले, तर तो बरोबरच नव्हता का? नव्हता. क्लेम मंजूर करणारी यंत्रणा जोडीपुढचा १ आणि कोडामागचा ५९ पाहते. नोंद तिच्यासमोर नसते. नोंद उघडली जाते ती नंतर, ऑडिटमध्ये. अमेरिकेच्या आरोग्य विभागाच्या महानिरीक्षकांनी अशा नोंदी उघडून पाहिल्या आणि नोव्हेंबर २००५मध्ये त्यांचे अहवाल दिले. २००३ या आर्थिक वर्षात ५९ लावून आलेल्या जोड्यांपैकी ४० टक्के नियमात बसत नव्हत्या, आणि त्यापोटी ५ कोटी ९० लाख डॉलर चुकीने दिले गेले होते. २५च्या बाबतीत २००२ सालचे ३५ टक्के क्लेम नियमाबाहेरचे निघाले. तिथली रक्कम होती ५३ कोटी ८० लाख डॉलर. या सगळ्या क्लेमचे पैसे मिळालेले होते. मिळालेले पैसे हा बरोबर असल्याचा पुरावा असता, तर हे अहवाल लिहिलेच गेले नसते. जाणूनबुजून केलेल्या खोट्या मागणीला १८६३ सालचा फॉल्स क्लेम्स ॲक्ट लागतो आणि नुकसानीच्या तिपटीपर्यंत भरपाई मागता येते.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. एवढी भीती घातली तर शिकणारा मॉडिफायर लावायलाच घाबरेल आणि डॉक्टरांनी खरोखर केलेल्या कामाचे पैसे बुडतील. हे खरं आहे. मेडिकेअरमध्ये दोन्ही बाजूंच्या ज्या शस्त्रक्रियांना ५० लागू होतो, त्यांना एका बाजूच्या दीडपट मोबदला मिळतो. तो मॉडिफायर गाळला तर तेही चूक सांगणंच झालं. म्हणून ‘शंका आली की लावू नका’ हा नियम मी सुचवत नाही. शंका आली तर डॉक्टरांना विचारा. क्वेरी पाठवण्याची रीत त्यासाठीच आहे. यावर कुणी म्हणेल, नागपूरच्या मिहानमध्ये बसलेल्या मुलीने रोजचं टार्गेट गाठायचं की ओहायोतल्या डॉक्टरांच्या उत्तराची वाट पाहायची? अडचण खरी आहे, पण तिचं उत्तर टार्गेट ठरवणाऱ्यांनी द्यायला हवं. अडलेले चार्ट बाजूला ठेवायची मुभा नसेल, तर अंदाजाने लावलेल्या मॉडिफायरचा दोष एकट्या फ्रेशरच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. दूर बसण्याची एक चांगली बाजूही आहे. रुग्ण दिसत नाही, डॉक्टर ओळखीचे नाहीत, त्यामुळे ‘केलंच असेल’ असं म्हणायला जागा उरत नाही. लिहिलं नाही ते झालं नाही, हा कोडरचा जुना दंडक अशा ठिकाणी पाळायला सोपा जातो.

हे सगळं परक्या देशाचं व्याकरण आहे, आपल्याला त्याचं काय, असंही विचारलं जातं. आयुष्मान भारत योजनेत एकाच वेळी अनेक शस्त्रक्रिया झाल्या तर सर्वांत मोठ्या पॅकेजचे १०० टक्के, दुसरीचे ५० आणि तिसरीचे २५ टक्के मिळतात. दुसरी शस्त्रक्रिया खरोखर दुसरी होती, की पहिलीचाच एक टप्पा? हा प्रश्न नागपुरातल्या रुग्णालयाच्या क्लेमलाही चुकत नाही, आणि त्याचंही उत्तर केसपेपरवरच शोधावं लागतं.

पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांतले ५८, ७८ आणि ७९ घेऊ. तोवर ही नोंद सोडवून ठेवा : ‘उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या टोकावरचं कुरूप तासलं. त्याच पायाची बुरशी लागलेली तीन नखं तासून पातळ केली.’ कुरुपाचा कोड ११०५५, नखांचा ११७२०. ज्या बोटाच्या टोकावरचं कुरूप तासलं, त्याच बोटाचं नख असेल तर ५९ चालत नाही. ती तीन नखं कोणत्या बोटांची होती, हे नोंदीत शोधा.