उघड गुपित आणि पढतमूर्ख : इंग्रजीतील एका अलंकाराचे अध्यापन

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतूनही इंग्रजीचे अध्यापन पहिल्या इयत्तेपासून सुरू झाले. शब्दसंग्रह व व्याकरण यांच्या पायऱ्या चढून विद्यार्थी वरच्या इयत्तांत पोहोचला की त्याची गाठ अलंकारांशी पडते. त्यांपैकी 'ऑक्सिमोरॉन' हा अलंकार त्याला विशेष कोड्यात टाकतो. 'ओपन सीक्रेट' हे शब्द वाचून, "जे उघड आहे ते गुपित कसे?" असे तो विचारतो. पुष्कळदा "तो अलंकार आहे, व्याख्या पाठ कर" एवढ्यावर त्याची बोळवण होते. वास्तविक, हा प्रश्न म्हणजेच या अलंकाराच्या आकलनाचा आरंभ होय. विसंगती ज्याला जाणवली, त्यालाच तिच्यातील अर्थ उलगडून दाखविता येतो.

घरचे उदाहरण

'ऑक्सिमोरॉन' हा शब्द मूळ ग्रीक. 'ऑक्सिस' म्हणजे तीक्ष्ण आणि 'मोरॉस' म्हणजे मंद अथवा मूर्ख. अर्थात, हे नावच स्वतःचे उदाहरण आहे. मराठी विद्यार्थ्यास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील दहावा समास 'पढतमूर्ख लक्षण' या नावाने प्रसिद्ध आहे. जो पढलेला तो मूर्ख कसा? विद्या असूनही ज्याचे वर्तन तिला शोभत नाही, तो पढतमूर्ख. दोन विरोधी शब्द शेजारी आले आणि त्यांतून एकट्या कोणत्याही शब्दात नसलेला तिसराच अर्थ निर्माण झाला. इंग्रजी अलंकाराचे मर्म हेच आहे.

मराठी व्याकरणातील 'विरोधाभास' या अलंकाराची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र त्याची व्याप्ती मोठी आहे. इंग्रजीत पूर्ण विधानातील वरकरणी विरोधास 'पॅराडॉक्स' म्हणतात. 'मोअर हेस्ट, लेस स्पीड', म्हणजे घाई जितकी अधिक तितका वेग कमी, ही म्हण त्याचा नमुना होय. 'ऑक्सिमोरॉन' मात्र बहुधा दोन लगतच्या शब्दांतच, विशेषतः विशेषण व नाम यांच्या जोडीत, सामावलेला असतो.

वर्गातील मांडणी

व्याख्येपूर्वी प्रसंग द्यावा. गावच्या विहिरीतून रात्री पाणी कोण उपसतो हे सर्वांना ठाऊक असते, पण चावडीवर त्याचा उच्चार कोणी करीत नाही. हेच 'ओपन सीक्रेट'. ग्रामसभेत हिशेब विचारला गेला आणि कोणीच उत्तर दिले नाही, तर ती शांतता शब्दांहूनही मोठ्याने बोलते. हीच 'डेफनिंग सायलेन्स'. निरोपसमारंभात आनंद व हुरहूर एकाच वेळी दाटून येतात. ती भावना 'बिटरस्वीट', म्हणजे आपली कडूगोड. प्रसंग मनात ठसल्यावर विद्यार्थ्यास जोडीतील एक शब्द गाळून वाचावयास सांगावे. नुसते 'सीक्रेट' म्हटल्याने काय हरपते, हे त्याला आपोआप कळते.

लेखक असे शब्द का योजतो, याचाही विचार व्हावा. १५९७ साली प्रथम छापल्या गेलेल्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' या शेक्सपिअरच्या नाटकात, पहिल्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात, रोमिओ प्रेमाचे वर्णन करताना अशा जोड्यांची रास रचतो. अग्नी आणि शीतलता, आजार आणि आरोग्य यांची तो सांगड घालतो. त्याचे मन एकाच वेळी दोन दिशांना ओढले जात आहे, हे त्याच्या शब्दरचनेवरूनच प्रेक्षकास उमगते.

फसवी उदाहरणे

विरोधी शब्द शेजारी दिसले म्हणजे अलंकार झालाच, असे नव्हे. 'प्रिटी अग्ली' या शब्दांत 'प्रिटी' म्हणजे सुंदर नव्हे, तर 'बऱ्यापैकी'. 'टेरिब्ली गुड' मध्येही 'टेरिब्ली'चा भयंकरपणा झिजून केवळ 'अतिशय' एवढाच अर्थ उरला आहे. आपणही 'भयंकर आवडले' असे म्हणतोच. 'डे अँड नाइट' ही तर विरुद्धार्थी शब्दांची साधी जोडी. एक शब्द दुसऱ्याचे वर्णन करीत नाही. म्हणून विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : शब्द परस्परविरोधी अर्थानेच वापरले आहेत काय? ते एकाच गोष्टीविषयी आहेत काय? आणि त्यांतून नवा अर्थ निघतो काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी आली, तरच तो 'ऑक्सिमोरॉन'.

या कसोटीचा उपयोग परीक्षेपुरता नाही. एखाद्या सूचनेत 'ऐच्छिक वर्गणी सर्वांनी भरणे अनिवार्य आहे' असे लिहिले असेल, तर तेथेही दोन विरोधी शब्द एकत्र आले आहेत. परंतु त्यांतून नवा अर्थ निघत नाही, केवळ वाचणाऱ्याची दिशाभूल होते. कवीने जाणूनबुजून योजलेला विरोध हे भाषेचे सामर्थ्य. सूचनेतील विरोध हा दोष, आणि त्याचा खुलासा मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. "जे उघड ते गुपित कसे?" असे वर्गात विचारणाऱ्या मुलास उत्तर मिळाले, तर "जे ऐच्छिक ते अनिवार्य कसे?" असे पुढे ग्रामसभेत विचारण्यास तो कचरणार नाही.