गुरांच्या मुलखातले महाविद्यालय

टेक्सासमध्ये पशुवैद्य घडवणारे महाविद्यालय शंभर वर्षांहून अधिक काळ एकच होते, कॉलेज स्टेशनच्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे. गुरांचा मोठा पसारा मात्र तिथून सातशे किलोमीटरहून लांब, राज्याच्या उत्तर टोकाच्या पॅनहँडल भागात. त्याच भागातल्या अमरिलो शहरात ऑगस्ट 2021मध्ये टेक्सास टेक या सरकारी विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या तुकडीत 64 विद्यार्थी होते.

कल्पना 1970च्या दशकातली, पण तेव्हा पैसा उभा राहिला नाही. 2015मध्ये विद्यापीठाने ती पुन्हा हाती घेतली. ए अँड एमकडून विरोध झाला. अखेर 2019मध्ये विधिमंडळाने 1 कोटी 73.5 लाख डॉलर मंजूर केले. अमरिलोच्या आर्थिक विकास महामंडळाने त्याआधीच 6 कोटी 90 लाख डॉलरपर्यंत मदत देऊ केली होती. शहराने स्वतःहून एवढी ओंजळ रिती करावी, यातच गरज किती खरी होती ते दिसते. खेड्यापाड्यांत मोठ्या जनावरांचे डॉक्टर मिळेनासे झाले होते. म्हणून प्रवेश देताना ग्रामीण भागाशी नाते असलेल्या, पुढे तिथेच काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींकडे मुद्दाम लक्ष दिले जाते.

सर्वांत धाडसी निर्णय रुग्णालयाचा. पशुवैद्यक शिकवायचे तर विद्यापीठाचे स्वतःचे मोठे रुग्णालय हवे, अशी जुनी रीत. इथे ते बांधलेच नाही. त्यामुळे खर्च वाचतो, पण कारण तेवढेच नाही. विद्यापीठांच्या रुग्णालयांत बहुधा इतरांनी पुढे पाठवलेली गुंतागुंतीची दुखणी येतात. अडलेली गाय, लंगडणारा घोडा, लसीकरण हा रोजचा व्याप तिथे कमी दिसतो. म्हणून शेवटच्या वर्षी विद्यार्थी निरनिराळ्या गावांतल्या दवाखान्यांत जाऊन प्रत्यक्ष काम करतात. या पद्धतीत जोखीमही आहे. प्रत्येक दवाखान्याची शिकवण सारखी नसते, त्यामुळे देखरेख सैल पडून चालत नाही.

तिथे जाण्याआधी हात तयार व्हावा लागतो. खोड्यात उभ्या केलेल्या गाईची गाभण तपासणी घ्या. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवून हात गुदमार्गातून आत घालायचा आणि आतड्याच्या पातळ भिंतीपलीकडचे गर्भाशय नुसत्या बोटांनी ओळखायचे. डोळ्यांना काही दिसत नाही. हे कसब पुस्तकातून येत नाही. हात पुन्हा पुन्हा घालूनच येते.

मे 2025मध्ये पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली.