मुंबादेवीवाचून मुंबई-दर्शन

शारदीय नवरात्रात आमच्या क्षेत्रीची पुष्कळ मंडळी मुंबईस जातात आणि ‘मुंबई-दर्शन’ या एका दिवसाच्या सहलीची तिकिटे काढतात. ‘दर्शन’ हा शब्द सहलवाल्यांनी मोठा जोखमीचा उचलला आहे. ‘दृश्’ धातूपासून तो सिद्ध झाला खरा. परंतु नुसत्या पाहण्यास आपण दर्शन म्हणत नाही. देवतेचीही दृष्टी आपणांवर पडावी, तेव्हा दर्शन घडले.

गतवर्षी अशा सहलीत आम्हीही बसलो. माहिती सांगणारा तरुण मोठा चुणचुणीत. १९२४ साली पुरे झालेले गेटवे, राजाबाई मनोरा, हँगिंग गार्डन, नटनट्यांचे बंगले (यांस वेळ भरपूर!), आणि महालक्ष्मीस वीस मिनिटे. महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती तेथे एकाच गाभाऱ्यात विराजमान आहेत. सप्तशतीच्या तीन चरित्रांच्या या तिघी देवता; नवरात्रात याहून मोठा योग तो कोणता? पण अर्धी मंडळी रांगेतूनच परतली.

हँगिंग गार्डनच्याच टेकडीवर खाली वाळकेश्वर आहे. ‘वालुका’ आणि ‘ईश्वर’ मिळून हे नाव झाले. सीतेच्या शोधात निघालेल्या रामचंद्रांनी येथे वाळूचे लिंग पूजिले आणि बाण मारून जल काढले, अशी स्थलकथा. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही बाणगंगेचे पाणी गोडे! आजचे देवालय रामा कामत यांनी १७१५ साली उभारविले. आमची गाडी तेथे वळलीच नाही.

इतक्यात सोबतच्या एका वृद्ध बाईंनी विचारले, “दादा, मुंबादेवी कधी येणार?” ओटीचा खण-नारळ त्यांनी गावाहून आणला होता. “आजी, तिकडे आपली गाडी जात नाही.” तरुण खोटे बोलला नाही. झवेरी बाजारालगतच्या त्या गल्ल्यांत मोठी गाडी उभी करणे कठीणच. देवीचे मूळ स्थान बोरीबंदराच्या बाजूस. किल्ल्याच्या विस्तारापायी अठराव्या शतकात तिला तेथून हलावे लागले. जिच्यावरून नगरीस नाव मिळाले, तीच आता नगरीच्या दर्शनातून हलली.

पूर्वी यात्रेकरूंस क्षेत्रोपाध्याय हिंडवीत. त्यांचीही नजर दक्षिणेवर असे, हे आम्ही नाकारीत नाही. पण कोणते स्थान चुकवू नये हे त्यांस पक्के ठाऊक असे. सहलवाल्यांनी निदान नवरात्रापुरते बंगले गाळून गाडी जवळपास थांबवावी व मंडळींस पायी न्यावे. तोवर भाविकांनी तिकीट काढण्यापूर्वी थांब्यांची यादी मागून घ्यावी. मुंबादेवीस मशीद स्थानकावरून पायी जाता येते. त्या आजींस घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तसेच गेलो व ओटी भरली.