तंबोरा गोंगाट ठरतो तेव्हा

ऑनलाइन गाण्याच्या शिकवणीत हा प्रकार हमखास घडतो. बाई तंबोरा सुरू करतात, डोळे मिटून ‘सा’ धरतात आणि पलीकडून विद्यार्थिनी म्हणते, ‘‘बाई, तंबोरा ऐकूच येत नाहीये.’’ बाईंच्या खोलीत तर तो घुमत असतो. यात दोष नेटचा नसतो आणि माइकचाही नसतो. व्हिडिओ कॉलची अ‍ॅप माणसाचं बोलणं नीट पोहोचावं म्हणून बनवलेली आहेत. पंखा, एसी यांची अखंड घरघर ओळखून ती गाळून टाकतात. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असा त्यांचा हिशेब, आणि त्या हिशेबात तंबोरा पंख्याच्या रांगेत जाऊन बसतो. लांबवलेला षड्जही कधी कधी याच चाळणीत अडकून मध्येच विरतो. काही अ‍ॅपमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय असते. शिकवणीआधी ती सुरू करायची, एवढंच.

तबल्याचं दुखणं वेगळं. आवाजाला एक मीटर अंतर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून समोरासमोर बसलेल्यांना उशीर जाणवत नाही. हा उशीर २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की एकत्र वाजवणं-गाणं अवघड होऊ लागतं. व्हिडिओ कॉलमध्ये तो सहज शंभराच्या वर जातो. बाईंनी इकडे ठेका धरला आणि मुलीने तिकडे त्यावर अचूक गायलं, तरी बाईंना ती समेला मागेच ऐकू येणार. तिला ‘लय सांभाळ’ म्हणून रागावण्यात अर्थ नाही. तंबोरा आणि ठेका दोन्ही विद्यार्थिनीच्याच घरी वाजले, तर तिचं गाणं निदान साथीसकट एकत्र पोहोचतं.

खरा घोटाळा होतो तो सूर दाखवणाऱ्या अ‍ॅपमुळे. मूल गातं आणि पडद्यावरचा काटा हलतो. हिरवा म्हणजे बरोबर, लाल म्हणजे चूक. पालकांना हे फार आवडतं, कारण गाणं न कळताही मुलाची चूक काढता येते! पण यातली बहुतेक अ‍ॅप मुळात हार्मोनियम-पियानोच्या पट्टीवर बेतलेली असतात. या पट्टीत सप्तकाचे बारा सारखे भाग करतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्यामुळे शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्यातून उमटणारा गंधार मात्र ३८६ सेंटवर असतो. म्हणजे तंबोऱ्याशी तंतोतंत मिळालेला गंधार मुलाने लावला, तर अ‍ॅप त्याला १४ सेंट उतरलेला ठरवतं. अशा शाबासकीसाठी गाणारं मूल हळूहळू बरोबर असलेला सूर सोडून देतं. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती, तेव्हाही वाद याच अंतराचा होता. आता ती पट्टी खिशातून आली आहे.

हा गंधार कोणी वाजवत नाही. खर्जाची तार छेडली की तिच्या पाचव्या स्वरांशात तो आपोआप ऐकू येतो. म्हणून तो ‘स्वयंभू’. घोडीची रुंद, किंचित वक्र पाठ आणि तिच्यावर सरकवलेला जवारीचा दोरा यांनी हे स्वरांश खुलतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या या घोडीवर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशांचे स्थिर बिंदू येतात, ते ऐकू येऊ नयेत असा नियम होता. ही वाद्यं तो मोडतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

मोबाइलमधल्या तंबोऱ्यालाही नाकं मुरडण्याचं कारण नाही. मिरजेचा तंबोरा घेणं प्रत्येक घराला परवडत नाही, तो लावता येणं ही आणखी पुढची गोष्ट. फोनवर काळी एक असो की पांढरी पाच, क्षणात मिळते. काळी एकच्या पुरुषी पट्टीत खर्जाची तार जवळपास ६९ हर्ट्झची. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला ती पेलत नाही, तरी खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू तो भरून काढतो. तरीही शक्य असेल तर बाहेरचा स्पीकर जोडावा. इअरफोन कानात कोंबून तासन् तास रियाझ करू नये. आवाज वाढवला की कान तेवढेच लवकर धोक्यात येतात.

फोन एक गोष्ट मात्र हिरावून घेतो, ती म्हणजे तंबोरा लावण्याची खटपट. जोडीच्या दोन तारा १३८ आणि १३९ हर्ट्झवर असतील तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. तार जुळत येते तसे हे झोले संथ होतात आणि मग थांबतात. कान तयार होतो तो हे झोले ऐकताना. वर्गात दोन फोन असतील तर हेही करून घेता येईल. दोन्हीवर तंबोरा लावायचा, एकाची पट्टी दहा सेंटने हलवायची, पडद्यावरचे आकडे कागदाने झाकायचे आणि झोले थांबेपर्यंत ती मुलांनाच सरकवू द्यायची.